रामरावांचा धोकादायक पैलवान

रामराव वानखडे यांच्या कुत्र्याने आजवर कोणालाही चावा घेतलेला नव्हता. ही गोष्ट अख्ख्या कॉलनीला माहीत होती आणि रामरावांना नेमकी तिचीच लाज वाटत असे.

कुत्र्याचं नाव पैलवान. नाव ठेवलं तेव्हा तो ओंजळीत मावत होता, त्यामुळे नावाचा दोष त्याच्याकडे जात नाही. पुढे तो अंगाने चांगला भरला, छाती रुंद झाली, मान जाड झाली. आता आवाजही तसाच खर्जातला निघेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती, पण पैलवानाने आवाज काढायचं फारसं मनावर घेतलंच नाही. दारात कोणीही आलं की तो त्याच्या पायाशी आडवा व्हायचा आणि पोट वर करायचा. दूधवाल्यालाही पोट, मीटरचं रीडिंग घ्यायला येणाऱ्यालाही पोट. निवडणुकीत दोन्ही पक्षांचे लोक मत मागायला आले, तर रामराव एकाला हो आणि एकाला बघू म्हणाले, पैलवानाने मात्र दोघांनाही सारखंच पोट दाखवलं. एकदा मागच्या अंगणातून पाण्याची मोटर चोरीला गेली, तेव्हा चोराला सोडायला पैलवान गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेला होता. समोरच्या मंजुळाबाईंनी हे गच्चीवरून स्वतः पाहिलं. मग तुम्ही हटकलं का नाही, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "कुत्रा एवढा ओळखीनं चालून राह्यला व्हता, मले वाटलं तुमचा पाहुणाच असन."

रामराव पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. कालव्याचं पाणी कोणाच्या शेतात कधी सोडायचं हे ज्याच्या हातात असतं, त्याला लोक बांधावरून खाली उतरून नमस्कार करतात. निवृत्तीनंतर कालवा जागच्या जागी राहिला आणि नमस्कार नव्या निरीक्षकाकडे गेले. रामरावांच्या अखत्यारीत आता एकच खातं उरलं होतं, ते म्हणजे पैलवान, आणि त्या खात्याचा कारभार हा असा चालला होता.

गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, त्याला नगरपरिषद आहे, आणि त्या नगरपरिषदेत आमचीही एक-दोन कामं अडकलेली आहेत.

तर यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. या महिन्यात जावई हा माणूस राहत नाही, थेट नारायणाच्या जागी जाऊन बसतो. त्याला पुरणाचे धोंडे करून घालायचे, अनारसे द्यायचे, कपडे करायचे, तांब्याचं भांडं द्यायचं. जावयाने भाजी अळणी म्हटली तर ती अळणी, आणि खारट म्हटली तर तीच भाजी खारट. रामरावांच्या शेजारच्या पुष्पाबाईंच्या घरी तर पहिलाच धोंडा होता. पुष्पाबाई अंगणवाडी सेविका. नवरा लवकर गेला, लेक प्रेरणा हिला त्यांनी एकटीने वाढवली, शिकवली आणि मागच्या वर्षी वडनेर भोलजीच्या मोठ्या शेतीवाल्या घरात दिली. जावई शिवम याचं नांदुऱ्याला बी-बियाण्याचं दुकान. असं स्थळ मिळालं याचा पुष्पाबाईंना एवढा अभिमान, की दळण आणायला निघाल्या तरी वाटेत जावयाच्या दुकानातल्या बियाण्याची उगवण सांगून यायच्या.

शिवमराव आले ते संध्याकाळी. नगरपरिषदेने नालीसाठी गल्ली खणून ठेवलेली, म्हणून गाडी त्यांनी तोंडाशी लावली आणि हातात पेढ्यांचा पुडा घेऊन पायी निघाले. अंगात कडक इस्त्रीचे कपडे होते. दारात प्रेरणा ओवाळणीचं ताट घेऊन उभी, मागे पुष्पाबाई, आणि जावई कसा दिसतो हे पाहायला आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर कॉलनी. अशा वेळी पैलवानाला पेढ्यांचा वास आला.

तो स्वागतालाच निघाला होता, यात कोणाच्याही मनात शंका नव्हती. पण शिवमरावांना लहानपणापासून कुत्र्याची धास्ती. ही गोष्ट त्यांनी आईबापालाही सांगितलेली नव्हती, मग सासुरवाडीला कोण सांगणार? रुंद छातीचा कुत्रा आपल्या रोखाने येतोय एवढंच त्यांनी पाहिलं आणि ते पळाले. पळाले ते थेट नालीत.

सगळे धावले. मंजुळाबाईंनी वरूनच विचारलं, "चावला काय हो, जवाईबापू?"

शिवमराव कमरेपर्यंत नालीत उभे होते. गुडघ्यावर पँट फाटली होती. त्यांनी सासूकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, गच्च्यांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "झडप घातली. मी हुकवली म्हणून वाचलो."

पैलवान त्या वेळी नालीच्या काठावर सांडलेले पेढे खाऊन, पोट वर करून पडला होता. कॉलनीने ते पोट पाहिलं. सगळ्यांना सगळं कळलं, पण बोलायला कोणी तयार नव्हतं. महिना धोंड्याचा होता.

पुष्पाबाईंनी एकदा कुत्र्याकडे, एकदा जावयाकडे पाहिलं आणि मग रामरावांकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा कुत्रा लय डेंजर झाला बरं."

रामराव खरं म्हणजे हसायलाच बाहेर आले होते. हसू गळ्यापर्यंत आलंही होतं. पण तो शब्द कानात शिरला आणि त्यांच्या आत काहीतरी ताठ उभं राहिलं. निवृत्तीनंतर त्यांच्या मालकीच्या कुठल्याही वस्तूला कोणी डेंजर म्हटलं नव्हतं. त्यांनी गंभीर चेहरा केला. "हाव वहिनी," ते म्हणाले, "आजकाल मलेबी आवरत नाही तो."

घरात आल्यावर जयमालाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, फक्त एवढंच विचारलं, "तुमाले आवरत नाही? काल त्याले मांजरीनं मारलं."

आता यातलं पुढचं काही घडलंही नसतं. पण दोन दिवसांनी वडनेर भोलजीहून व्याह्यांचा फोन आला, की आमच्या पोरावर कुत्रा धावून गेला आणि तुम्ही साधा अर्जही केला नाही? पुष्पाबाईंची पंचाईत झाली. त्यातच नगरपरिषदेने नुकताच कुत्र्यांविषयी ठराव केलेला. पाळीव कुत्र्याची नोंदणी करायची, लस टोचायची, गळ्यात बिल्ला घालायचा. आणि जो कुत्रा कोणाच्या अंगावर जाईल त्याचं नाव धोकादायकच्या रजिस्टरात, त्याने बाहेर पडताना तोंडाला मुसकं बांधायचं, घरावर पाटी लावायची. पुष्पाबाई कोरा कागद घेऊन रामरावांच्याच ओसरीवर आल्या.

"भाऊजी, राग मानू नका. व्याह्यांचा बोल हाय. अर्ज करा लागते."

"करा की वहिनी. त्यात राग कायचा?"

"पण मले अर्जाची भाषा नाही जमत."

रामरावांची नोकरी अर्जांवर शेरे मारण्यात गेलेली. चुकीचा अर्ज समोर आला की त्यांचा हात आपोआप पेनाकडे जायचा. त्यांनी चष्मा लावला. "हे पाहा, 'झडप घातली' एवढ्यानं भागत नाही. 'प्राणघातक झडप घातली' असं ल्हा. आन 'कुत्रा' नको, 'सदर कुत्रा' ल्हा." अर्ज असा काही वजनदार झाला, की खाली आपलं स्वतःचं नाव आरोपीच्या जागी आहे हे रामराव विसरले आणि शेवटी 'योग्य ती कठोर कारवाई व्हावी' हेही त्यांनीच घातलं. पुष्पाबाई चहा पिऊन, आभार मानून गेल्या.

नोटीस आली तेव्हा रामराव ती घेऊन कॉलनीत फिरून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि नगरपरिषदेत गेले. कुत्र्यांचं काम आरोग्य निरीक्षक महामाया इंगळे मॅडमकडे होतं. मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या आणि समोरच्याचं पूर्ण ऐकून घेत, त्यामुळे समोरचा आणखी गोत्यात येई.

"काका, काही आक्षेप आहे?"

"बिलकूल नाही. मान्य हाय."

मॅडमनी मान वर केली. कुत्र्याच्या मालकाने येऊन आरोप मान्य करायचा हा त्यांच्या टेबलावरचा पहिलाच प्रसंग होता. "बरं. कुत्र्याची जात?"

"गावठी."

"गावठी कसा चालेल? धोकादायकमध्ये जाती ठरलेल्या आहेत. सगळ्या बाहेरच्या."

रामरावांच्या वर्मी लागलं. "म्हंजे मॅडम, बाहेरून आला त्योच धोकादायक? आपल्या जिल्ह्याच्या कुत्र्यात दम नाही, असं नगरपरिषदेचं म्हणणं हाय काय? त्यानं कापसाच्या शेतात धावून अंग कमावलं, आपलं पाणी पेलं, ज्वारीची भाकर खाल्ली, तरी त्याले रकाना नाही?" जन्माच्या दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या लोकांनी माना हलवल्या. एकजण म्हणाला, "बरोबर बोलून राह्यले." मॅडमनी थोडा विचार केला आणि 'इतर, स्थानिक' असं लिहून रामरावांपुढे रजिस्टर सरकवलं. 'आक्षेप नाही'च्या खाली रामरावांनी लांबलचक सही ठोकली.

आता मुसकं आलं. कुत्र्याचं मुसकं गावात मिळत नव्हतं. रामराव बाजारात रहेमतुल्लाभाईंच्या दुकानी गेले. त्यांच्याकडे दोर, कासरे, बैलांच्या झुली, गोंडे, सगळं.

"कुत्र्याले मुसकं?" रहेमतुल्लाभाई म्हणाले. "रामरावभाऊ, जिंदगी गेली बैलं सजवण्यात, हे पैल्यांदाच ऐकून राह्यलो. पण जनावर खतरनाक हाय म्हणता?"

"सरकारी रजिस्टरात नाव हाय."

"मग रुबाब पायजेन." आणि त्यांनी वासराचं मुसकं आखूड करून त्याला दोन्ही बाजूंनी लाल गोंडे लावले, वर आपल्या मनाने घुंगरांची एक सर ओवली. पैलवान ते घालून गल्लीतून निघाला, तर मंजुळाबाई नंदीबैलवाला आला समजून सुपात धान्य घेऊन बाहेर आल्या. पैलवानही त्यांच्यासमोर थांबला, कारण धान्य देतात तिथे थांबायचं असतं असं त्याला घुंगरांमुळे वाटलं असावं.

पाटीचं काम रहेमतुल्लाभाईंच्या मुलाने, शाकिरने केलं. शाकिर लग्नाच्या कमानी रंगवणारा हौशी पेंटर. नुसती अक्षरं काढणं त्याला कमीपणाचं वाटलं, म्हणून त्याने वर चित्रही काढलं. डोळे लाल, सुळे ओठांबाहेर, जिभेवरून लाळ. चित्र फारच उत्तम उतरलं. पाटी फाटकावर लागली आणि फिरून आलेल्या पैलवानाने ती पाहिली. तो जागीच थिजला, शेपूट पायात घातलं आणि काही केल्या घरात यायला तयार होईना. त्या दिवसापासून त्याला मागच्या दाराने, न्हाणीघरातून, घरात आणावं लागे. रामरावांनी हे कोणालाही कळू दिलं नाही.

पण ते दिवस रामरावांचे होते, हे मान्य केलंच पाहिजे. भाजीवाली फाटकाबाहेरूनच हाक मारायची. वर्गणीवाले त्यांचं घर टाळून पुढे जायचे. पानाच्या टपरीवर लोक सरकून जागा द्यायचे आणि विचारायचे, "काका, काय म्हणते तुमचा वाघ?" मग रामराव सांगायचे. आधी पैलवानाने एका चोराला पळवलं. मग दोन लांडगे पळवले. मग शेतात एक रोही, म्हणजे चांगली दांडगी नीलगाय, लोळवला. तिकडे वडनेर भोलजीत शिवमरावांच्या वडिलांच्या तोंडी कुत्रा दर आठवड्याला वाढत होता, कारण कुत्रा जेवढा मोठा तेवढी झडप हुकवणारा पोरगा मोठा. पुष्पाबाई खूष, व्याही खूष, रामराव खूष. सबंध प्रकरणात नाखूष असा एकटा पैलवान होता.

पुष्पाबाई रोज सकाळी भिंतीवरून त्याला भाकर टाकायच्या. नोटिशीनंतर ती बंद झाली, कारण ज्या कुत्र्यावर अर्ज केला त्याला भाकर टाकताना कोणी पाहिलं तर काय म्हणेल? पैलवान तरी वेळेवर भिंतीखाली जाऊन बसायचा आणि वर पाहत राहायचा. जयमालाबाईंना ते बघवेना. "तुमच्या मोठेपणापायी त्या मुक्या जिवाच्या तोंडाले मुसकं लागलं," त्या म्हणाल्या. "तुमाले झोप तरी कशी येते?" रामराव म्हणाले, शिस्त आहे. पण त्यानंतर ते भिंतीकडे पाठ करून बसू लागले.

आणि मग दुसरी नोटीस आली. ठरावाचं पुढचं कलम रामरावांनी वाचलंच नव्हतं. रजिस्टरात नाव आलेला कुत्रा वस्तीत ठेवता येणार नव्हता. तो गावाबाहेरच्या कोंडवाड्यात जमा करायचा आणि तिथून नगरपरिषद त्याला परजिल्ह्यातल्या निवाऱ्यात पाठवणार होती.

रामराव चपला घालायचं विसरून नगरपरिषदेत पोचले. "मॅडम, घात झाला. माहा कुत्रा धोकादायक नाही हो. तो पोट दाखवते सगळ्याले."

"काका, तुमची सही आहे. आक्षेप नाही म्हणून."

"ते मी अभिमानानं केलं."

"अभिमानाचा रकाना नाही," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनाही जरा वाईट वाटलं असावं. "एक होऊ शकते. मी जागेवर येऊन पंचनामा करते. तक्रारदार हजर पाहिजे, ज्यांच्यावर झडप घातली ते हजर पाहिजेत. घरच्या नसलेल्या कोणीतरी मुसकं काढून कुत्र्याला हात लावावा. कुत्र्याने काही केलं नाही, तर नाव कमी करता येईल. नाहीतर त्याच दिवशी गाडीत."

रामराव तसेच पुष्पाबाईंच्या दारात गेले. ऐकता ऐकता पुष्पाबाई मटकन पायरीवर बसल्या. "भाऊजी, त्या कुत्र्याले मी माह्या हातानं भाकर चारली. तो जाईन तर मलेच रडू येईन. पण आता मी काय म्हणू? जवाईबापू शेपूट हलवणाऱ्या कुत्र्याले भेऊन पळाले म्हणू? अख्ख्या वडनेरले माहीत हाय त्यायनं झडप हुकवली ते. माह्या प्रेरणाले तिथं दिवस काढा लागतेत." त्या पदराने डोळे पुसू लागल्या.  पुष्पाबाईंचा शब्द राखायचा तर पैलवान जातो आणि पैलवान वाचवायचा तर त्यांच्या लेकीची मान खाली जाते, आणि हा गुंता आपल्याच ओसरीवर, आपल्याच चष्म्यातून लिहिला गेला, हे रामरावांना पुरतं कळलं.

पंचनाम्याच्या दिवशी सगळी कॉलनी जमली. मॅडम आल्या. मागोमाग कचऱ्याची घंटागाडी आपलं गाणं वाजवत गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, कारण नगरपरिषदेकडे चालती गाडी तेवढीच होती. ड्रायव्हरने खाली उतरून विचारलं, "मॅडम, कुत्र्याले ओल्यात टाकायचं का सुक्यात?"

"आधी पंचनामा होऊ दे," मॅडम म्हणाल्या.

पैलवान गोंड्यांचं मुसकं घालून रामरावांच्या पायाशी बसला होता. गाण्यावर त्याने घुंगरं हलवली. मॅडमनी विचारलं, "कोण हात लावतं?"

कोणीच पुढे येईना. रामरावांनी मंजुळाबाईंकडे पाहिलं. मंजुळाबाई म्हणाल्या, "भाऊजी, तुमीच सांगतलं ना, यानं रोही लोळवला."

"अवो, ते खोटं व्हतं. मी मनचं सांगलं."

"आन लांडगे?"

"लांडगेबी खोटे."

लोक एकमेकांकडे पाहून हळहळले. "पोटच्या पोरावानी माया हाय, म्हणून असं बोलून राह्यले बिचारे," मागून कोणीतरी म्हणालं. आपली कलाकुसर बघायला आलेले रहेमतुल्लाभाई हळूच मागे सरकले. "मी मुसकं बांधणारा माणूस," ते म्हणाले, "काढणं माह्या कामात येत नाही." इतके दिवस रामरावांनी जे जे रंगवून सांगितलं, त्या प्रत्येक गोष्टीवर कॉलनीने मनापासून विश्वास ठेवला होता. त्यांच्या शब्दाला एवढी किंमत कालव्यावरसुद्धा कधी आली नव्हती.

ड्रायव्हरने गाडीचं मागचं फळकं उघडलं. जयमालाबाई आत निघून गेल्या.

तेवढ्यात पुष्पाबाईंच्या दारातून शिवमराव बाहेर आले. माहेरी आलेल्या प्रेरणाने त्यांना वडनेरहून बोलावून घेतलं होतं आणि रात्रभर नवराबायकोत काय बोलणं झालं ते कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी बाह्या वर केल्या. "मी लावतो हात," ते म्हणाले.

पुष्पाबाईंच्या तोंडून अरे बापा एवढंच निघालं. शिवमराव गल्ली ओलांडून आले. कॉलनीला दिसलं ते एवढंच, की जवाईबापू चालत आले आणि कुत्र्यासमोर गुडघ्यावर बसले. पण साखळी धरून उभ्या असलेल्या रामरावांना त्यांचे हात दिसत होते. हात थरथर कापत होते. कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते.

"काका," ते अगदी हळू म्हणाले, "घट्ट धरा."

"धरलं हाय, बाबू," रामराव तेवढ्याच हळू म्हणाले.

गाठ पहिल्यांदा सुटली नाही. दुसऱ्यांदा सुटली. मुसकं निघालं. पैलवानाने आधी मोठी जांभई दिली, तेव्हा दात दिसले आणि मागची रांग दोन पावलं मागे गेली. शिवमरावांनी डोळे मिटले, पण हात मागे घेतला नाही. मग पैलवान सावकाश आडवा झाला आणि त्याने आपलं पोट त्या थरथरत्या हाताखाली नेऊन ठेवलं.

 रामरावांना पैलवानाचा अभिमान वाटला, हे तर झालंच. पण त्याहून जास्त या शेजारच्या जावयाचा वाटला. आपण इतके दिवस नुसत्या तोंडाने पराक्रम केले आणि ज्याला खरोखर भीती वाटते त्या पोराने हात पुढे केला, हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं. भीती नसलेल्या माणसाने कुत्र्याला कुरवाळण्यात काय मोठं?

मॅडम मात्र कागद सोडायला तयार नव्हत्या. "कुत्रा तर गरीब आहे. मग अर्जात प्राणघातक झडप कशी आली? अर्ज खोटा होता काय?"

 पुष्पाबाईंनी मान खाली घातली. प्रेरणाने आईचा हात धरला. शिवमरावांनी श्वास घेतला आणि रामरावांना कळलं, हा आता खरं सांगणार. एका दिवसात या पोराने पुरेसं केलं होतं.

"अर्ज खरा हाय," रामराव म्हणाले. "झडप घातलीच व्हती. मी घातली."

मॅडमनी पेन थांबवलं. "तुम्ही?"

"हाव. संध्याकाळची येळ. अनोळखी माणूस, हातात पुडा. मागं आमची मोटर चोरीले गेली, तवापासून मी टपूनच व्हतो. मले वाटलं चोरच हाय. मी काठी घेऊन धावलो. जवाईबापूनं मोठ्या चपळाईनं हुकवलं, नाहीतर आज मी तुमच्यापुढं नसतो, ठाण्यात असतो. कुत्रा तर मले आवरायले मागं आला व्हता."

"मग अर्जात कुत्र्याचं नाव कसं?"

रामरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला. पण पुष्पाबाई अंगणवाडीत चाळीस पोरांना एका वेळी सांभाळलेल्या बाई होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुढे आल्या. "आता काय सांगू मॅडम, भाऊजी वयस्कर माणूस. त्यायच्या नावानं अर्ज केला असता तर पेन्शनवर आलं असतं. म्हणून मी कुत्र्याचं नाव घातलं. शेजारधर्म हाय."

मॅडमनी रामरावांकडे पाहिलं. मग गच्चीवरच्या मंजुळाबाईंकडे पाहिलं. जिच्या गच्चीवरून कॉलनीतलं सगळं दिसतं, ती बाई काय बोलते यावर आता सारं होतं. मंजुळाबाई म्हणाल्या, "हाव, मी पाह्यलं. लय भयानक दिसत व्हते."

मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं, "सदर कुत्रा निरुपद्रवी असल्याने त्याचे नाव कमी करण्यात येत आहे. मालक धोकादायक आढळून आले. परंतु मालकाबाबत ठरावात तरतूद नसल्याने त्यांना समज देऊन सोडण्यात येत आहे." आणि कागद पुढे करत त्या म्हणाल्या, "काका, काही आक्षेप?"

"बिलकूल नाही," रामराव म्हणाले आणि त्यांनी सही केली.

घंटागाडी रिकामीच गेली. मंडळी पांगली. पुष्पाबाई फाटकापाशी आल्या आणि डोळ्यांत पाणी आणून एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, प्रेरणाचा बाप असता तर त्यानंबी असंच केलं असतं." रामरावांना आयुष्यात पुष्कळ नमस्कार मिळाले होते. या एका वाक्यापुढे ते सगळे त्यांना हलके वाटले. त्या रात्री ते खूप जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरिअरवाला आला. फाटक उघडून, पायात येणाऱ्या कुत्र्याला बाजूला सारून तो थेट पायरीपर्यंत आला आणि तिथे थबकला. आत डोकावून त्याने जयमालाबाईंना हलक्या आवाजात विचारलं, "काकू, काका घरी हायेत काय?"

जयमालाबाई कधी खोटं बोलत नाहीत. त्यांनी मागे वळून पाहिलं. "हायेत," त्या म्हणाल्या. "पण सध्या शांत हायेत."

आत आरामखुर्चीत रामराव पेपर वाचत बसले होते. त्यांनी हे ऐकलं, छाती भरून श्वास घेतला, आणि उगाचच एकदा खर्जात खाकरले. कुरिअरवाल्याने पार्सल पायरीवर ठेवलं आणि सही न घेताच तो फाटकाबाहेर पडला.